मातृत्वाचा हक्क आणि कागदांचे ओझे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा लसीकरण किंवा बालआहार यांपैकी एखादा नेहमीचा विषय घ्यावा, असे प्रथम मनात होते. परंतु या वेळी मी अशा एका विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ज्यावर बालरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरण नाही. मात्र ज्याचे परिणाम माझ्या दवाखान्यातील वजनकाट्यावर मला वारंवार दिसतात. तो विषय म्हणजे गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर शासकीय साहाय्य मिळविताना स्त्रीच्या मनावर येणारा ताण.

हे वाचून काही वाचकांना वाटेल, की याचा आपल्या समाजाशी काय संबंध? दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली येथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. त्या छावणीबरोबर आलेल्या घराण्यांचे आपण वंशज. सरदार, वकील, शिक्षक, वैद्य यांची ही वस्ती, अशीच आपली स्वतःविषयीची कल्पना आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. पण अपुरी आहे. दाना ओलीतील माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांत दुकानात मापे घेणारे मराठी तरुण आहेत, घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या मराठी बायका आहेत, आणि महिनाअखेरीस तपासणीचे पैसे पुढच्या महिन्यावर ठेवा, असे खालच्या आवाजात सांगणारी घरेही आहेत. ही माणसे आपल्या गणेशोत्सवात असतात, हळदीकुंकवाला असतात. त्यांची अडचण मात्र आपल्याला दिसत नाही, कारण ती दिसू नये यासाठी ती माणसे फार धडपडत असतात.

अशाच एका घरातील हकिकत मी येथे सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चूक मात्र माझीच होती, आणि ती बदललेली नाही.

एका पिवळ्या कार्डाची गोष्ट

ही २०१९ सालची गोष्ट. आमच्या परिसरात चार घरी पोळ्या करणाऱ्या एक काकू आहेत. त्यांचा मुलगा कापडाच्या दुकानात नोकर. सून झाशीची, वय बावीस, पहिलेच बाळंतपण. बाळंतपण शासकीय रुग्णालयात सुखरूप झाले. मुलगी झाली, जन्माचे वजन २ किलो ६०० ग्रॅम. सहाव्या आठवड्यात काकू नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. जुनी ओळख असल्यामुळे मी लशीचे पैसे घेतले नाहीत. एका औषध कंपनीने छापून दिलेले माझ्या दवाखान्याचे पिवळे कार्ड भरून दिले आणि पुढची तारीख सांगितली. त्या दिवशी आपण एक चांगले काम केले, असे समाधानही मला वाटले.

दहाव्या आठवड्यात बाळाचे वजन साडेतीन किलो भरले. या वयात रोज पंचवीस ते तीस ग्रॅम वाढ अपेक्षित असते. या बाळाची वाढ त्याच्या निम्मीच होती. "दूधच आटलंय हो, डॉक्टरसाहेब. वरचं सुरू करू का?" काकूंनी विचारले. मी वरच्या दुधाला ठाम नकार दिला, बाळाला वारंवार पाजण्यास सांगितले आणि आईच्या आहारावर चार वाक्ये बोललो. सून मान खाली घालून ऐकत होती. तिला झोप लागते का, तिच्या मनात काय आहे, हे मी विचारले नाही. बाहेर आणखी बारा रुग्ण होते.

चौदाव्या आठवड्याच्या लशीला ती एक आठवडा उशिरा आली, आणि एकटीच आली. लस टोचून झाली तरी उठेना. पदराखाली धरलेली प्लास्टिकची पिशवी तिने दोनदा बाहेर काढली आणि दोनदा आत घेतली. शेवटी म्हणाली, "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

पिशवीतून तिने माता व बाल सुरक्षा कार्ड काढले. लसीकरणाच्या पानावर रुग्णालयात जन्मतः दिलेल्या लशींच्या नोंदी होत्या. त्यापुढील सर्व चौकटी रिकाम्या होत्या. पंतप्रधान मातृवंदना योजनेचा तिसरा हप्ता मिळण्यासाठी जन्मनोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्याची नोंद आवश्यक होती. माझे पिवळे कार्ड त्यासाठी चालत नव्हते. दीड महिना ती या पानासाठी झुरत होती. डॉक्टरांनी फुकट लस दिली, आता त्यांच्याकडे आणखी सह्या कशा मागाव्या, या संकोचाने तिने तोंड उघडले नव्हते.

ते पान भरून सही-शिक्का करण्यास मला चार मिनिटे लागली.

त्यानंतर ती रडली, आणि मग बोलली. गरोदरपणापासूनची सगळी हकिकत तिने सांगितली. आपल्या पद्धतीप्रमाणे लग्नात तिचे नाव बदलले होते. ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेले ते नवे नाव सासरी रुळले आणि रुग्णालयाच्या कागदावरही तेच लागले. आधार कार्डावर मात्र माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि झाशीचा पत्ता. एक स्त्री कागदोपत्री दोन झाली होती. सहाव्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, आधार दुरुस्तीसाठी ती तीन वेळा रांगेत उभी राहिली. एकदा तेथेच घेरी आली. पहिला हप्ता जमा झाल्याचे कळले, पण पासबुकात दिसेना. पुष्कळ शोधाअंती तो मोबाईलचे सिम घेताना नकळत उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात सापडला. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. परंतु झाशीला गेलीस तर येथले पैसे बुडतील, असे कोणीतरी सांगितल्यामुळे ती आईकडे गेलीच नाही. वास्तविक नोंदणीची पावती व कार्ड दाखवून दुसऱ्या ठिकाणीही पुढील हप्त्यासाठी अर्ज करता येतो, अशी तरतूद त्या योजनेत होती. तिला ती कोणी सांगितली नाही. यजमानांनी मालकाकडून उचल घेतली होती आणि ती या हप्त्यातून फेडायची होती. सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. "आपण अंगणवाडीच्या दारात उभे राहणारे नव्हे," असे त्यांनी आरंभीच बजावले होते.

आता मी वजनाच्या तक्त्याकडे पाहिले. बाळाची वाढ का खुंटली, याचे अर्धे उत्तर माझ्यासमोर बसले होते.

ताण बाळापर्यंत कसा पोहोचतो

ताण हा केवळ मनाचा विषय नाही, हे आपण वैद्यक व्यवसायातील लोक जाणतो. तरी सर्वसामान्य वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दीर्घकाळ चिंता राहिली की शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले राहते. गर्भाला त्याचा त्रास होऊ नये म्हणून वारेमध्ये एक विकर पहारा देत असते. ते आईच्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्क्रिय करते. परंतु ताण तीव्र व दीर्घ असेल तर हा पहारा अपुरा पडू शकतो. अशा तणावाचा संबंध अकाली प्रसूती आणि कमी जन्मवजन यांच्याशी आढळला आहे. त्याहून मोठा परिणाम अप्रत्यक्ष असतो. चिंतातुर स्त्री जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला जाणे टाळते, लोहाच्या गोळ्या विसरते. बाळंतपणानंतर स्तनातून दूध बाहेर येण्यासाठी ऑक्सिटोसिनची गरज असते, आणि मन धास्तावलेले असले की त्याचे स्रवण अडते. दूध तयार असते, पण उतरत नाही. घरातील मंडळी म्हणतात, "दूध आटले." मग बाटली येते, आणि बाटलीमागून जुलाब येतात.

याविषयी गोव्यात झालेले काम आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावे असे आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ मातांची पाहणी केली. त्यांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्के मातांना, नैराश्य होते. त्यातील ७८ टक्के जणींना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास सुरू झालेला होता. आर्थिक ओढाताण आणि पतीशी बिघडलेले संबंध ही त्यातील महत्त्वाची कारणे होती. २००३ साली याच गटाने बाळांची स्थिती प्रसिद्ध केली. सहा महिन्यांच्या वयात नैराश्यग्रस्त मातांची ३० टक्के बाळे वजनाने फार कमी होती. इतर मातांच्या बाळांत हे प्रमाण १२ टक्के होते. उंचीच्या बाबतीतही असाच फरक दिसला. आपण बालरोगतज्ज्ञ ज्याला कुपोषण म्हणून औषधे लिहितो, त्यातील काही भाग हा आईच्या न विचारलेल्या दुःखाचा असतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे वाचून एखाद्या गरोदर भगिनीने "मी काळजी करते म्हणून माझ्या बाळाचे नुकसान होईल" अशी नवी काळजी लावून घेऊ नये. बहुसंख्य बाळे आईच्या चिंतांतूनही सुदृढ जन्मतात. माझे म्हणणे तिच्या घरच्यांना आणि आपणा डॉक्टरांना उद्देशून आहे.

हा हक्क आहे, उपकार नव्हे

या पैशांकडे दान म्हणून पाहिले जाते, हे संकोचाचे मूळ आहे. म्हणून थोडा इतिहास. मुंबई प्रांतात प्रसूती साहाय्याचा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले होते, की प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यत्वे शासनाने उचलावा. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली केंद्राचा प्रसूतिलाभ कायदा झाला आणि २०१७ च्या सुधारणेने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु पोळ्या करणाऱ्या बाईला किंवा दुकानातील नोकराच्या पत्नीला रजा देणार कोण? तिच्यासाठी रोख साहाय्याच्या योजना आल्या. तामिळनाडूने १९८७ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या आद्य स्त्री-वैद्यांच्या नावाने अशी योजना सुरू केली. १९९५ साली राष्ट्रीय मातृत्वलाभ योजना आली. तिच्यात आरंभी अवघे ३०० रुपये मिळत. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. शासकीय रुग्णालयात प्रसूती झाल्यास तिच्यातून मध्य प्रदेशात ग्रामीण मातेला १४०० आणि शहरी मातेला १००० रुपये मिळतात. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि ने-आण मोफत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६००० रुपयांच्या साहाय्याचा हक्क दिला; म्हणजे हा विषय कृपेचा न राहता कायद्याचा झाला.

त्या हक्काला अनुसरून २०१७ साली पंतप्रधान मातृवंदना योजना सुरू झाली. आरंभी पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये तीन हप्त्यांत मिळत. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या रूपात तेच ५००० रुपये दोन हप्त्यांत, ३००० आणि २०००, असे मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये एकरकमी मिळतात. पूर्वी पतीचे आधार कार्ड आवश्यक होते. ती अट आता नाही. पात्रतेच्या निकषांपैकी एक म्हणजे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांहून कमी असणे. वाचकांनी आपल्या ओळखीची घरे मनातल्या मनात मोजून पाहावीत. त्यांतील कितीतरी घरे पात्र निघतील. याखेरीज मध्य प्रदेशात २०१८ पासून असंघटित कामगार कुटुंबांसाठी प्रसूती साहाय्य योजना आहे. तिची एकूण रक्कम १६,००० रुपये असून ४००० प्रसूतीपूर्वी आणि १२,००० प्रसूतीनंतर, अशी तिची विभागणी ठेवलेली आहे. तिच्यासाठी कामगार म्हणून नोंदणी आणि समग्र आयडी लागतो. लग्नानंतर मुलीचे नाव माहेरच्या समग्र नोंदीतून काढून सासरच्या नोंदीत घालावे लागते, हे अनेक घरांना सातव्या महिन्यात कळते.

योजना आहेत, हे खरे. परंतु त्या मिळविण्याचीही एक किंमत असते आणि ती वेगवेगळ्या रूपांत मोजावी लागते. काय मिळते व कोठे मिळते हे शोधण्याचा खटाटोप, कागद, रांगा, फेऱ्या यांचा शीण, आणि "तुम्हाला कशाला हवे?" या प्रश्नाने होणारा मानभंग. तिसरी किंमत सर्वांत जड असते, आणि ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

आपण पुष्कळदा म्हणतो, "या बायकांना दहा वेळा सांगितले तरी कागद विसरतात." तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाच शेतकऱ्याची बुद्धीची चाचणी ऊस तुटण्यापूर्वी, म्हणजे पैशाची चणचण असताना, आणि ऊस गेल्यावर अशी दोनदा घेतली. चणचणीच्या काळात त्याच माणसाची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. त्याची बुद्धी कमी झालेली नसते. ती चिंतेत गुंतलेली असते. विसराळू दिसणाऱ्या त्या मातेकडे मी आता या नजरेने पाहतो.

गरोदर भगिनींसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी

अनुभवावरून उपयुक्त वाटलेल्या काही गोष्टी येथे नोंदवितो.

१. नाव एकच ठेवावे. आधार कार्डावर जे नाव आहे तेच रुग्णालयात, अंगणवाडीत आणि बँकेत सांगावे. नाव बदलायचेच असेल तर लग्नानंतर लगेच, सर्व कागदांवर एकदम बदलावे. गरोदरपणात हा उद्योग काढू नये.

२. एक पिशवी आणि एक वही ठेवावी. पिशवीत मूळ कागद व प्रत्येकाच्या दोन छायाप्रती असाव्यात. मूळ कागद दाखवावा, पण देऊन येऊ नये. वहीत तारीख, कोणाला भेटलो आणि काय सांगितले, हे लिहावे. डोक्यात फिरणारी गोष्ट वहीत उतरली की तिचे ओझे निम्मे होते. अर्ज दिल्याची पावती याच वहीत चिकटवावी.

३. "होणार नाही" असे उत्तर आले तर वाद न घालता "कोणता कागद कमी आहे, तेवढे या वहीत लिहून द्या," असे म्हणावे. ती ओळ हाती असली की पुढची फेरी वाया जात नाही.

४. आधारशी जोडलेल्या कोणत्या खात्यात शासकीय रक्कम जमा होते, हे बँकेत आधीच विचारून घ्यावे. अनेक खाती असल्यास रक्कम भलत्याच खात्यात जाऊ शकते.

५. उपाशीपोटी आणि एकटीने जाऊ नये. पाण्याची बाटली बरोबर असावी, एका दिवशी एकच काम काढावे, आणि उन्हाच्या आत घरी परतावे. जेथे बोटांचा ठसा लागत नाही, तेथे पतीने किंवा दिराने जावे. शेवटच्या तीन महिन्यांत रांगेत उभे राहणे हे तिचे काम नव्हे.

६. पैसे हाती येईपर्यंत त्यावर उचल घेऊ नये. हप्ता लांबला की कर्जाची चिंता दुप्पट होते.

७. कागदांची चर्चा दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास करावी. रात्रीच्या जेवणानंतर हा विषय घरात निघू नये. हा नियम सासूबाईंनी पाळला तर फार उत्तम.

८. सलग दोन आठवडे मन उदास राहणे, झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, बाळाविषयी काहीच न वाटणे ही आजाराची लक्षणे आहेत. ती डॉक्टरांना सांगावीत. स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार आल्यास दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी घरच्यांनी तिला डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

यांतील बरेच काही साधे वाटेल. परंतु साध्या आधाराचा परिणाम मोठा असतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात गावातील आरोग्यसेविकांनी गरोदर स्त्रियांच्या घरी जाऊन, ठरावीक पद्धतीने त्यांच्याशी बोलून, त्यांचे विचार आणि दिनक्रम सावरण्यास मदत केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नैराश्य असलेल्या स्त्रियांपैकी अशी मदत मिळालेल्या गटात सहा महिन्यांनंतर २३ टक्के जणी नैराश्यात राहिल्या, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के. त्या सेविका मनोविकारतज्ज्ञ नव्हत्या.

आपल्या व्यावसायिक बंधुभगिनींसाठी

माझ्या चुकीनंतर मी दवाखान्यात काही बदल केले. ते सर्वांनी करावेत, अशी विनंती आहे. पहिला बदल असा, की प्रत्येक बाळासोबत माता व बाल सुरक्षा कार्ड मागायचे, आणि लस आपल्या दवाखान्यात दिली तरी त्या कार्डावर तारीख, सही आणि शिक्का द्यायचा. स्वागतकक्षात बसणाऱ्या मुलीला हे शिकविण्यास एक सकाळ लागली. दुसरा बदल म्हणजे आईसाठी दोन प्रश्न: "झोप लागते का?" आणि "सध्या कशाची काळजी आहे?" या प्रश्नांना आलेले उत्तर चिंताजनक वाटले तर एडिंबरा प्रश्नावलीतील दहा प्रश्न विचारावेत. १९८७ सालापासून वापरात असलेली ही प्रश्नावली प्रतीक्षा करताना भरून होते. तिसरा बदल म्हणजे जन्मनोंदणीची चौकशी. ती २१ दिवसांत विनाशुल्क होते आणि हप्त्यासाठी आवश्यक असते. चौथा बदल म्हणजे विभागातील अंगणवाडी सेविका व आशा यांचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावणे. या भगिनी स्वतः तुटपुंज्या मानधनावर शेकडो कागद हाताळतात; त्यांच्याशी आदराने बोलले की बरीच कामे मार्गी लागतात.

आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना आणखी एक सुचवावेसे वाटते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि खाजगी डॉक्टरांनाही तेथे सेवा देता येते. महिन्यातील एक सकाळ तेथे घालविली तर रांगेच्या पलीकडची बाजूही आपल्याला दिसेल.

समाजापुढे एक प्रस्ताव

आपल्या समाजात निवृत्त बँक अधिकारी आहेत, शिक्षक आहेत, शासकीय कचेऱ्यांत आयुष्य घालविलेले अनुभवी लोक आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास आपल्या सभागृहात एक टेबल मांडावे. तेथे कोणत्याही भाषेच्या, कोणत्याही जातीच्या गर्भवतीचे कागद तपासून द्यावेत, अर्ज भरून द्यावेत, कोणता कागद कमी आहे ते लिहून द्यावे. याला खर्च जवळजवळ नाही. डॉक्टरांच्या संस्थेने एक डॉक्टर आळीपाळीने तेथे बसविण्याची जबाबदारी घ्यावी. माझे नाव पहिल्या रविवारी लिहावे.

आणि घरोघरी एक गोष्ट बोलली जावी. प्राप्तिकरात सवलत घेताना आपल्याला लाज वाटत नाही. निवृत्तिवेतन घेताना तर अभिमान वाटतो. मग गरोदर सुनेने कायद्याने मिळणारे पाच हजार घेतले तर घराण्याची कोणती अब्रू जाते?

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मी तिच्या संमतीने पोळ्यांच्या काकूंना बोलावून घेतले आणि सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मलाच आधी सांगितलं असतं तर मी गेले असते की तिच्याबरोबर." पुढच्या वेळी अंगणवाडीत त्या स्वतः गेल्या. रात्रीचे बाळ सांभाळणे त्यांनी आपल्याकडे घेतले, म्हणजे पाजून झाले की आईला झोपता येऊ लागले. चौदाव्या आठवड्याच्या त्या उशिराच्या भेटीत बाळाचे वजन ३ किलो ९०० ग्रॅम होते. चार आठवड्यांनी ते ४ किलो ७०० ग्रॅम भरले. वरचे दूध द्यावे लागले नाही. हा परिणाम केवळ एका सहीचा, असा दावा मी करणार नाही. पाजण्याची पद्धतही सुधारली होती, झोपही मिळाली होती. तिसरा हप्ताही यथावकाश जमा झाला, आणि मालकाची उचल फिटली.

ते पिवळे कार्ड मी छापून घेणे बंद केले आहे. शिल्लक राहिलेला गठ्ठा कपाटात आहे. नवीन सहकारी डॉक्टर दवाखान्यात रुजू झाले की त्यातील एक कोरे कार्ड मी त्यांच्या हाती देतो आणि ही गोष्ट सांगतो.